घर वाळूत, साहेब पाळीवर

१३ फेब्रुवारी, रविवार

बेलार्मिनो,

वर 'प्रिय' लिहिणार होते, पण हात धजला नाही. तुझी वागणूक बघून पुढच्या पत्रात ठरवीन.

कालपासून फोन करतेय. आधी वाजत तरी होता, आता वाजतही नाही. म्हणजे सख्ख्या बहिणीचा नंबर बंद करून ठेवलायस. ठेव बापडा. सिप्रिआनोची लाँच काही तुला बंद करता येत नाही. तो हे पत्र कास्त्रोच्या धक्क्यावर पुएर्तो मोंतच्या बसवाल्याला देईल आणि बसवाला तुझ्या मासळी कारखान्याच्या फाटकावर. पाकिटावर ठळक लिहिलंय, साहेबांच्याच हातात द्यावे, सॅल्मनच्या पेटीत टाकू नये.

तर साहेब, घर तुम्ही जिथे सोडून गेलात तिथेच आहे. ओहळाच्या तोंडाशी, पुळणीवर, डाव्या अंगाला कललेलं. घर ओढायला खाली बांधलेला डावा ओंडका इतका रुतलाय की हात घातला तर खांद्यापर्यंत वाळूच लागते. आणि घरात आई आहे. हो, आत. काल सगळे निघून गेल्यावर मी म्हटलं, "चल, माझ्याकडे झोपायला चल." तर म्हणाली, "माझं घर असताना मी कशाला कुणाकडे जाऊ?" शेगडी आपण आधीच उतरवून ठेवली होती, ती माझ्याकडून परत आत चढवून घेतली. आज सकाळी भर पुळणीवर धुराड्यातून धूर निघत होता. लाँचमधले लोक उभे राहून बघत होते. सिप्रिआनो मला विचारतो, "काय गं ऑर्फेलिना, तुझ्या आईने समुद्राकडून जागा भाड्याने घेतली की काय?" हसावं की रडावं ते कळेना.

सध्या भांगाचे दिवस आहेत. भरतीचं पाणी अर्ध्या पुळणीवरून मागे फिरतं, म्हणून निभावतंय. पुढच्या रविवारी पौर्णिमा. उधाणाचं पाणी तिथे खिडकीला लागतं हे तुला सांगायला नको, तू पोहायला तिथेच शिकलास. तेव्हा एक आठवडा आहे. त्यानंतर घर नसेल, नुसती लाकडं गोळा करायची असतील. आई तोवर बाहेर येईल असं मला तिच्या तोंडाकडे बघून वाटत नाही.

आता काल काय झालं ते लिहिते. तू होतास, पण तू ऐकत नव्हतास, बोलत होतास.

जुनी जागा समुद्राने खाल्ली म्हणून घर माझ्या तुकड्यावर, चॅपलच्या शेजारी न्यायचं ठरलं. इथवर तुझं-माझं एकमत. मग मी आणि आई दारोदार विनवणीला फिरलो. खरं तर घर बाबांच्या मागे तुझ्या नावावर, विनवणी तू करायची. पण तुला रजा नव्हती. विनवणी कशी करतात ते विसरला असशील. जायचं, शेगडीपाशी बसायचं, माटेच्या कडू काढ्याचा पेला फिरतो तो घ्यायचा, बटाट्याचं बोलायचं, पावसाचं बोलायचं, कुणाच्या तरी गुडघ्याचं बोलायचं, आणि मग टोपी काढून सांगायचं, "विनवायला आलोय. घर हलवायचंय, तुमच्याशिवाय हलणार नाही." असं विनवल्यावर नाही म्हणायची या बेटावर रीत नाही. यालाच मिंगा म्हणतात. यात मजुरी नसते. उद्या त्यांनी विनवलं की आपण जायचं, एवढंच. आमचे पाय सुजले, पण एका घराने नाही म्हटलं नाही. डझनभर बैलजोड्या आल्या आणि अख्खं गाव.

आणि आमचे साहेब शुक्रवारच्या लाँचने काय घेऊन उतरले? भोंगा, शिट्टी आणि नारिंगी जाकिटांचं गाठोडं. पाठीवर नंबर छापलेले. लिसांद्रो काकांना तू चौदा नंबर दिलास. या बेटावरची निम्मी घरं ज्यांच्या बैलांनी ओढली त्या माणसाला! तरी त्यांनी घातलं. सगळ्यांनी घातलं. त्यांना वाटलं, पोराची हौस आहे, घालू या. मग तू त्यांना रांगेत उभं केलंस आणि म्हणालास, "कर्मचारी मित्रहो." ओतिलिया मावशीने मागे वळून बघितलं की कोण आलंय.

पुढे शिट्टी. अरे, बैलांना शिट्टी कळते का? प्रत्येक जोडी आपल्या माणसाच्या आवाजावर चालते. तू शिट्टी मारलीस तशा डावीकडच्या जोड्या बिचकल्या, उजवीकडच्या चालल्या, आणि घर तिरपं होऊन ओहळात घुसलं. असं होतं कधीकधी. बाबा मिंगा चालवायचे, त्यांच्या हातूनही घरं रुतली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण तू अंगणालाही सोडलंस आणि माणसांना धरलंस. भोंग्यातून काय ओरडलास ते शब्दाला शब्द लिहिते, कारण इथे सगळ्यांना पाठ झालंय. "मजुरी पाहिजे का तुम्हाला? पाहिजे तर तोंडाने सांगा, फेकतो! पण हे असले चाळे माझ्यासमोर नकोत!"

मी आपली घराच्या खिडकीत गप्प उभी होते.

लिसांद्रो काकांनी जाकीट काढलं. नीट घडी घातली. घराच्या पायरीवर ठेवलं. मग बैलांचं जू सोडलं. एकामागून एक सगळ्यांनी तसंच केलं, एकानेही शिवी दिली नाही. तू तेवढ्यात धक्क्याला उभी असलेली लाँच धरलीस.

आणि जेवण? पहाटेपासून खड्ड्यात तापल्या दगडांवर कुरांतो लावलं होतं. शिंपल्या, डुकराचं मटण, बटाटे, ओतिलिया मावशीचे किसलेल्या बटाट्याचे मिल्काओ. गावजेवण होतं ते. लोक खड्ड्याला वळसा घालून गेले, कुणी बोट लावलं नाही. मिंगाला येऊन न जेवता गेलेलं गाव मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी आणि आई बसून काय खाणार? डुकरांना घातलं. डुक्करच डुकराचं मटण खातंय हे बघायची वेळ तुझ्यामुळे आली.

ये. नाहीतर निदान फोन उचल.

ऑर्फेलिना


१६ फेब्रुवारी, बुधवार

बेलार्मिनो साहेब,

चिठ्ठी पोचली. आईला वाचून दाखवली, तिला वाटलं सरकारकडून आलीय. 'सदर बाब निदर्शनास आली आहे. स्थानिक मनुष्यबळाच्या असहकारामुळे यंत्राची व्यवस्था करण्यात येत आहे. कळावे.' खाली सही, आणि सहीखाली 'पाळी प्रमुख'. अरे, मी तुला कडेवर घेऊन फिरलेय. मला हुद्दा कशाला दाखवतोस?

आणि मनुष्यबळ म्हणजे कोण रे? लिसांद्रो काका? ज्यांनी बाबांची शवपेटी चिखलातून चॅपलपर्यंत खांद्यावर नेली, ते? की ओतिलिया मावशी, जिने तुझ्या गालगुंडाला अख्खी रात्र शेक दिला? त्यांना नावं आहेत. तुला सगळी पाठ आहेत. मग लिहिताना हाताला काय होतं?

तुझं यंत्र येऊन गेलं. म्हणजे यंत्र नाही, यंत्रवाला. काल तराफ्यावरून उतरला, चार पावलं चालला, पाचव्याला पाय वर आला आणि बूट वाळूतच राहिला. त्याने बुटाकडे बघितलं, घराकडे बघितलं, खिडकीतल्या आईकडे बघितलं. आईने त्याला चहा विचारला. तो म्हणाला, "आजी, इथे क्रेन आणली तर आधी क्रेन काढायला दुसरी क्रेन लागेल." आणि एका बुटाने परत गेला. झालं तुझ्या यंत्राचं.

म्हणून मी लिसांद्रो काकांकडे गेले. वाटलं होतं रागावतील, चार शब्द सुनावतील, मग मी रडेन, मग ते विरघळतील. रागावलेच नाहीत! तेच वाईट. माटेचा पेला दिला, वाऱ्याबद्दल बोलले, बैलाच्या खुराबद्दल बोलले. शेवटी मीच म्हटलं, "काका, घराचं काय?"

"घर चांगलं आहे. तुझ्या बापाने मजबूत बांधलंय."

"पोराचं मनावर घेऊ नका हो. जीभ आहे, घसरली."

"मनावर कसलं घेतोय? त्याने मजुरी म्हटलं. आम्ही मजूर असतो तर थांबलो असतो, मजुराला थांबावंच लागतं. आम्ही मजूर नव्हतो, म्हणून घरी आलो. हिशेब साधा आहे."

"मग मी परत विनवते. आत्ता, इथेच."

"तू विनवलंस तेव्हा आम्ही आलो होतो की, ऑर्फेलिना. तू तुझं केलंस. आता ज्याने टाकला त्यानेच तो शब्द उचलायचा. तुझा बाप सुद्धा तोंडाचा फटकळ होता, पण त्याचं एक होतं. घर अडलं की तो शिव्या घराला द्यायचा. घराला, बैलांना नाही, माणसांना तर कधीच नाही. 'सटवे, उठतेस की नाही!' म्हणायचा. हसून हसून आमच्या हातात जोर यायचा."

हे मला आठवतच नव्हतं बघ. तुला आठवतं का?

आणि तू म्हणशील, बेटावरचे लोक मागासलेले, भावनेला कवटाळून बसतात, कारखान्यात असं चालत नाही. तर कारखान्याचंही ऐक. ओतिलिया मावशीची मुलगी तुझ्याच पाळीत मासे चिरते, सुट्टीला आली होती. म्हणाली, "साहेब सकाळी येतात आणि म्हणतात, आज मला चार हात कमी आहेत. दुपारी म्हणतात, हे हात तिकडे लावा, ते हात इकडे. मग आम्हीही हातच कामावर आणतो, डोकं घरी ठेवतो. परवा यंत्रात मासे उलटे जात होते. सगळ्यांना दिसत होतं. पेट्याच्या पेट्या वाया गेल्या, कुणी सांगितलं नाही. हातांना कुठे तोंड असतं?" हे ती हसत सांगत होती. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी तुला वरच्यांनी झापलं आणि तू पाळीला कामचुकार म्हणालास, हेही सांगितलं तिने.

शहाण्याला शब्दाचा मार, असं आपण म्हणतो. तू तो मार देत सुटलायस, आणि शहाणे आपले उठून चाललेत.

पाणी रोज थोडं थोडं वर येतंय. आज पायरीच्या खालपर्यंत फेस आला होता. आईने झाडू घेऊन तो परत लोटला.

मला काय, माझं घर वर सुरक्षित आहे. तुझं तू बघ. गाढवा.

ऑर्फेलिना


१७ फेब्रुवारी, गुरुवार

बेलार्मिनो,

काल पत्र बंद करून सिप्रिआनोला दिलं आणि आईकडे गेले. मी तिच्याकडेच झोपते आता, हे लिहिलं नव्हतं. 'मला काय' वगैरे लिहिलं ते सगळं उगाच. एका बाजूला कललेल्या घरात पलंगावरून घसरत, पाण्याचा आवाज ऐकत पडते. भीती वाटते रे. आईला वाटत नाही, म्हणून मला जास्त वाटते.

आई म्हणाली, "काय लिहितेस गं त्याला एवढं?" मी जसं आठवत होतं तसं सगळं सांगितलं. मला वाटलं शाबासकी देईल. ती शेगडीत लाकूड सारत राहिली आणि म्हणाली, "तुझ्याकडेही भोंगा आहे की."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तो त्यांच्यावर ओरडला, तू त्याच्यावर ओरडतेस. ते उठून घरी गेले. तो कशाला येईल?"

"पण चूक त्याची आहे!"

"आहेच. आणि खिडकीतून तू काय ओरडलीस ते लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. मी गप्प उभी होते असं लिहिलं होतं. घर रुतलं तेव्हा सगळ्यांसमोर मी खिडकीतून ओरडले होते, "दे तो भोंगा इकडे! बाबांची नक्कल तुला मेलास तरी जमायची नाही!" त्यावर लोक हसले होते. तू वर बघितलंस, लाल झालास, आणि मग तो मजुरीचा शब्द तुझ्या तोंडातून निघाला. माझ्यामुळे निघाला असं नाही म्हणत मी. तोंड तुझं आहे. पण मी गप्प नव्हते.

आता आईने टेबलाशी बसवलंय. माटेचा पेला समोर आहे, तुझाही भरून ठेवलाय, तो थंड होतोय. बटाटे यंदा बरे आहेत, कीड कमी. पाऊस नाही, पण वारा दक्षिणेचा आहे. आईचा उजवा गुडघा दुखतो, ती सांगत नाही, जिना चढताना कळतं.

बेलार्मिनो, तुला विनवायला आलेय. आईचं घर पुळणीवर आहे आणि रविवारी उधाण आहे. तुझ्याशिवाय ते हलणार नाही.

माझ्याकडे टोपी नाही, डोक्याचा रुमाल काढून ठेवलाय.

तुझी ताई


२३ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय बेलार्मिनो,

लिहिलं बाबा एकदाचं.

मिंगा झाला, तू रविवारी पहाटेच्या लाँचने गेलास, धड बोलणं झालं नाही. तू पुढे दोरांपाशी होतास, मी मागे पहार घेऊन. तुझ्या पाठीमागे काय काय झालं ते तुला कोण सांगणार?

आधी शुक्रवारचं. तू दारोदार फिरून आलास आणि मला नुसतं "हो म्हणाले" एवढंच सांगितलंस. लिसांद्रो काकांनी मात्र अख्ख्या गावाला साग्रसंगीत सांगितलंय. "पोरगा आला, बसला. बटाट्याचं बोलला. पावसाचं बोलला. माझ्या गुडघ्याचं दोनदा बोलला. तीन पेले प्याला आणि पुढे गाडी जाईना. कपाळाला घाम. शेवटी मीच म्हटलं, अरे टोपी काढ, म्हणजे आठवेल." ओतिलिया मावशी म्हणते तिच्याकडे तर तू दारातच टोपी काढलीस आणि बसायचंच विसरलास. विनवणी उलटी केलीस म्हणून ती अजून हसते. पण आली ना? मिल्काओ घेऊन आली.

आता शनिवार. मी तुझ्यावर चिडूनच आले होते, खोटं कशाला बोलू. भोंगा नाही, शिट्टी नाही हे बघून बरं वाटलं, पण म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो! घर खोदून मोकळं केलं, बैल लागले, सगळे आपापल्या जोडीला हाका मारायला लागले आणि घर हाललं. दहा पावलं. मग ओहळाच्या दुसऱ्या काठाला परत अडलं. बैल थांबले. माणसं थांबली. सगळी डोकी तुझ्याकडे वळली. पाणी मागून येतच होतं. तू तोंड उघडलंस आणि मी इकडे डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं. आता हा बोलणार आणि आता हे जाणार.

आणि तू घराकडे वळलास. कमरेवर हात ठेवलेस. "अगं ए म्हातारे! एवढं गाव तुझ्यासाठी उन्हात उभं आहे आणि तू बसून राहतेस? लाज नाही वाटत? उचल ते ढुंगण!"

खिडकी उघडली आणि आतून आई, "कुणाला म्हणतोस रे मेल्या?"

तुझं तोंड मला दिसलं नाही, पण मान दिसली. लालेलाल. पुढचं तुला माहीत आहे, पण मागचं नाही. ओतिलिया मावशी ओल्या वाळूत फतकल मारून बसली, तिला उठवायला दोघी लागल्या. पहारेवरची माणसं पोट धरून वाकली होती. लिसांद्रो काका डोळे पुसत होते, हसण्याने की कशाने कुणास ठाऊक, आणि पुसता पुसता पराणी वर करून आपल्या बैलांना हाक मारत होते. त्यात कधी घर सुटलं ते मला कळलंच नाही. मी पहारेला लोंबकळत होते, तोंडावर पडले. उठून बघते तर घर पुढे चाललंय आणि आई खिडकीतून सगळ्यांना हात करतेय.

काका माझ्याजवळून जाताना म्हणाले, "बापावर गेलाय. जरा उशिरा गेलाय." तुला हे ते कधी सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

रविवारी उधाण आलं ते बघायला आई मुद्दाम चॅपलच्या पायरीवर जाऊन बसली. पाणी ओहळाच्या वर, अगदी आपली खिडकी होती तिथवर चढलं. ती म्हणाली, "अरे वा, खिडकीपर्यंतच आलं, त्याहून वर नाही," आणि उठून स्वयंपाकाला गेली. तुझी ती नारिंगी जाकिटं पायरीवरून पुळणीवर कुणी टाकली देव जाणे, ती सगळी उधाणात तरंगत गेली. सिप्रिआनोला खाडीत नारिंगी ठिपके दिसले, त्याला वाटलं कुठलीतरी लाँच बुडाली. जीव तोडून तिकडे गेला आणि चौदा नंबरला आकड्याने वर ओढलं. आत कुणी नाही बघून इतक्या शिव्या दिल्या म्हणे, की धक्क्यापर्यंत ऐकू आल्या. त्या तुलाच होत्या, तू येशील तेव्हा घे.

घर थोडं वाकडं बसलंय. स्वयंपाकघराचं दार आपोआप उघडतं. आई म्हणते राहू दे, कुणी येतंय असं वाटतं. शेगडी जागेवर आहे, मांजर जागेवर आहे. ओतिलिया मावशीच्या मुलीला मी फोनवर विचारलं, पाळीवर काय हालहवाल? ती म्हणाली, "साहेब सोमवारी आले आणि सगळ्यांची नावं घेतली. दोन चुकीची घेतली." ती दोन पाठ कर. एवढं जमत नसेल तर मला सांग, मी येऊन पाठ करून घेते.

आता मुद्द्याचं. आज सकाळी दार आपोआप उघडलं, आणि खरंच कुणी आलं होतं. लिसांद्रो काका. आत आले, शेगडीपाशी बसले. मी पेला दिला. वाऱ्याचं बोलले. आईच्या गुडघ्याचं बोलले. दारबिजागरीचं बोलले. माझ्या लक्षातच येईना की हे कशाला आलेत. मग त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"बेलार्मिनोला विनवायला आलोय."

मी म्हटलं, "काका, तो नाही इथे. तो पुएर्तो मोंतला."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्यापाशी बोलतोय, तू पोचव. मार्चअखेरीस माझे बटाटे काढायचेत. एक माणूस कमी पडतोय."

मी तोंड उघडायच्या आत उत्तर आईने दिलं. तुझ्या वतीने हो म्हणून मोकळी झाली, तुला न विचारता. विनवल्यावर नाही म्हणायची रीत नाही, त्यामुळे रजा मिळत नाही वगैरे मला लिहू नकोस. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारची लाँच धर. आणि आता तरी माझा नंबर सुरू कर.

तुझी ताई